लेव्हल टूचा पेपर झाला, आता नापास झाले तर?

अधोरेखित · रविवार, रात्री ११:२०

सीएफए (गुंतवणूक क्षेत्रातली तीन लेव्हलची परीक्षा) लेव्हल टूचा पेपर देऊन आज बारा दिवस झाले. ही माझी दुसरी खेप.

पहिल्या खेपेला नापास झाले तेव्हा कारण हाताशी होतं. शेवटच्या दोन महिन्यांत ऑफिसात माणसं कमी पडली, उजळणी झालीच नाही, आणि हे मला पेपरच्या आधीच कळत होतं. निकाल आला तेव्हा वाईट वाटलं, पण धक्का बसला नाही. या वेळी तसं काही नाही. दहा महिने पहाटे उठून अभ्यास केला. वहीत तास मांडले आहेत, ते ४१२ भरतात. साधारण ३०० तास लागतात असं परीक्षा घेणारी संस्था सांगते. सहा मॉक दिले, शेवटच्या दोन्हींत ७० टक्क्यांच्या वर होते. साहेबांनी रजा दिली, घरच्यांनी एकही काम अंगावर टाकलं नाही.

पहिलं सत्र ठीक गेलं. दुसऱ्या सत्रात एका व्हिनेटवर (एक उतारा आणि त्यावरचे चार प्रश्न) अडकले. उतारा तीनदा वाचला, शब्द दिसत होते, अर्थ लागत नव्हता. एका व्हिनेटच्या वाट्याला बारा मिनिटं येतात, माझी एकवीस गेली. तिथून पुढे नुसती धावपळ. शेवटच्या दोन व्हिनेटची आठ उत्तरं मी धड न वाचता भरली आहेत.

तेव्हापासून रोज रात्री एखादा प्रश्न आठवतो. उठून दिवा लावते, पुस्तक काढते, पडताळून बघते, आणि उत्तर चुकलेलंच असतं. आतापर्यंत अकरा चुका सापडल्या. घरात कुणी "होशील गं पास, एवढा अभ्यास केलायस" म्हटलं की घसा दाटून येतो. मागच्या वेळी अभ्यास कमी पडला होता. या वेळी अभ्यास पुरेसा होता, म्हणजे मग मीच कमी पडले असा अर्थ होतो ना?

निकालाला अजून महिना तरी आहे. ज्यांनी हे दिवस काढले आहेत त्यांनी ते कसे काढले, आणि जे नापास झाले त्यांचा पहिला आठवडा कसा गेला, हे वाचायचं आहे. धीर देऊ नका असं नाही, पण खरं काय झालं ते सांगितलंत तर बरं वाटेल.

---

पाटीपेन्सिल · रविवार, रात्री ११:४८

ताई, मी लेव्हल वनला दोनदा आपटले, तिसऱ्यांदा निघाले. तुमचं ते दिवा लावून पुस्तक काढणं वाचलं आणि माझ्याच रात्री आठवल्या. जास्त लिहिण्याजोगं माझ्याकडे नाही, पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

---

शंभरावा_मॉक · सोमवार, सकाळी ७:१०

अकरा चुका सापडल्या म्हणता, पण त्या कशा सापडल्या ते बघा. पेपरात जे प्रश्न खटकले तेच रात्री आठवतात, आणि खटकलेल्या प्रश्नांत चुकीची उत्तरं जास्त असणारच. झटकन सुटलेला प्रश्न कुणाच्या स्वप्नात येत नाही. क्वांटमध्ये (संख्याशास्त्राच्या विषयात) नमुन्याच्या निवडीतला पक्षपात शिकलो, तो हाच. या अकरांवरून ८८ प्रश्नांबद्दल काहीही निष्कर्ष काढता येत नाही.

आता थोडं गणित मांडतो, कारण मला स्वतःला याचाच आधार झाला होता. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. समजा ४५ प्रश्नांची तुम्हाला खात्री होती. २५ प्रश्नांत एक पर्याय बाद करून उरलेल्या दोनांतून एक निवडला. १८ निव्वळ अंदाजाने भरले (तुम्ही आठ म्हणता, मी मुद्दाम जास्त धरतो). खात्रीचे सगळेच बरोबर नसतात, म्हणून त्यांतले ४१ धरू. दोनांतल्या निवडीतून साडेबारा मिळतील, अंदाजातून सहा. बेरीज ५९.५, म्हणजे ६७ ते ६८ टक्के.

पुढचा भाग महत्त्वाचा आहे. या बेरजेचं प्रमाण विचलन (ती सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होते ते) काढलं तर ते पावणेचार प्रश्नांच्या आसपास येतं. तयारी तीच, पेपर तोच, माणूस तोच, तरी नुसते अंदाज कसे पडले यावर तुम्ही ५६ वर असू शकता आणि ६३ वरही. पहिला आकडा ६४ टक्क्यांच्या आत, दुसरा ७१ च्या पुढे. किती प्रश्न बरोबर आले म्हणजे पास, हे संस्था आधी सांगत नाही. गटागटांत जे ६५ नि ७० चे आकडे फिरतात ते लोकांचे तर्क आहेत. रेघ या पट्ट्यात कुठे पडली तर तुम्ही अलीकडे की पलीकडे, हे पुस्तक उघडून पडताळल्याने कळणार नाही. बाराव्या चुकीनेही कळणार नाही.

---

अधोरेखित · सोमवार, सकाळी ८:३५

हे गणित मी माझ्या आकड्यांनी करून बघितलं. खात्रीचे चाळीसच धरले तरी मी त्याच पट्ट्यात येते. पास होईन असं यातून निघत नाही हे कळतंय, पण नापासच आहे असंही निघत नाही. गेले बारा दिवस मी ते धरूनच चालले होते.

---

संपादक मंडळ · सोमवार, दुपारी १:०५

एका सदस्याने दुसऱ्या सत्रातल्या अवघड व्हिनेटचा विषय आणि त्यातलं सूत्र विचारलं होतं. तो प्रतिसाद काढून टाकला आहे. कोणता विषय आला, कोणता आला नाही, कोणतं सूत्र लागलं, यातलं काहीही इथे लिहू नका. संस्थेच्या आचारसंहितेतल्या स्टँडर्ड सेव्हन-एचा तो भंग होतो आणि त्यापायी निकाल रद्द होऊ शकतो. धागाकर्तीने हे भान ठेवलं आहे, बाकीच्यांनीही ठेवावं.

---

सावली · सोमवार, रात्री ९:५०

मी ही परीक्षा दिलेली नाही. माझ्या नवऱ्याने लेव्हल थ्री तीनदा दिली, आणि त्या तीन वर्षांत घरात काय चालतं ते मी पाहिलंय. म्हणून घरच्यांच्या बाजूने लिहिते.

पहिल्या वेळी मीही "होशील रे पास" म्हणत होते. मला ते प्रेमाचं बोलणं वाटायचं. पुष्कळ दिवसांनी त्याने सांगितलं की प्रत्येक वेळी त्याला ते "नापास झालास तर आम्हाला चालणार नाही" असं ऐकू यायचं. मी मनापासून बोलत होते आणि तो मनापासून एकटा पडत होता. आपल्या माणसाला भीती वाटते हे बघवत नाही म्हणून आपण ती भीती बोलू देत नाही, इतकंच त्यात होतं.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. अभ्यासाच्या दिवसांत सगळं घर त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे चालायचं. पाहुणे टाळले, मुलीला दुसऱ्या खोलीत खेळवलं, सुट्ट्या गेल्या. आम्ही कधी बोलून दाखवलं नाही, पण तो सगळ्याचा हिशेब ठेवत होता. निकाल वाईट आला तर हे सगळं त्याच्या अंगावर कर्ज होऊन बसणार असं त्याला वाटायचं. परीक्षेपेक्षा त्या कर्जाची धास्ती मोठी होती.

तिसऱ्या खेपेला निकालाच्या दोन आठवडे आधी मी त्याला सरळ विचारलं: वाईट बातमी आली तर त्या संध्याकाळी मी काय करू? बोलू, की गप्प बसू? कुणाला सांगू, कुणाला नको? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, दोन दिवस कुणालाच सांगू नकोस, आणि माझ्याबरोबर नुसती चाल. एवढं ठरल्यावर त्या रात्री तो कितीतरी दिवसांनी सलग झोपला. (त्या वेळी तो पास झाला. पण झोप लागली ती निकालाच्या आधी, हे मला सांगायचं आहे.)

अधोरेखित, तुझ्या घरी जो कोणी सगळ्यांत जास्त "होशील पास" म्हणतो, त्याच्याजवळ एकदा बसून "मला भीती वाटते" एवढं सांगून बघ. त्यांना काय बोलावं ते सुचत नाही म्हणून ते तसं बोलत असतील.

---

चिकाटी · मंगळवार, सकाळी ६:४०

माझं मत थोडं वेगळं आहे. एवढा विचारच करू नये. पेपर झाला की आठवड्याभरात लेव्हल थ्रीचं पुस्तक उघडावं. पास झालात तर महिन्याची आघाडी मिळते, नापास झालात तर अभ्यासाची सवय मोडलेली नसते. रिकामं मन घातक. मी असंच केलं आणि मला वाट बघणं जडच गेलं नाही.

आणि किती जण नापास होतात तेही बघा. २०२१ च्या जुलैत लेव्हल वनला फक्त २२ टक्के पास झाले होते. १९६३ साली पहिली परीक्षा झाली तेव्हा २८४ जण बसले आणि २६८ जणांना चार्टर (सीएफए हे बिरुद) मिळाला. तो काळ गेला. आता नापास होणारेच जास्त असतात. त्या सगळ्यांना "मीच कमी पडले" हे वाक्य लावायचं का?

---

उंबरठा · मंगळवार, रात्री १०:१५

चिकाटी यांचा शेवटचा मुद्दा पटला, पहिला नाही. कारण पुढे सांगते.

मी लेव्हल टूला दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास झाले, नंतर थ्री झाली. चार्टर मिळून आता काही वर्षं झाली. अधोरेखित, "तू" म्हणते, चालेल ना?

काळजी करू नकोस असं मी सांगणार नाही. ते कुणाला जमत नाही, आणि जमलं नाही की त्याचाही अपराध वाटायला लागतो. केट स्वीनी नावाच्या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी कॅलिफोर्नियातल्या वकिलीच्या परीक्षेच्या निकालासाठी थांबलेल्या २३० पदवीधरांचा अभ्यास केला होता. त्या निकालाला चार महिने लागायचे. मन दुसरीकडे वळवणं, चांगलंच होईल असं घोकणं, भावना दाबणं, असं सगळं त्या मुलांनी केलं, आणि त्याने वाट बघण्याचा त्रास फारसा कमी झाला नाही. पण जे काळजी करत राहिले त्यांनी वाईट बातमी जास्त नीट पेलली आणि चांगल्या बातमीचा आनंदही त्यांना जास्त झाला. हे २०१६ साली प्रसिद्ध झालं. मला ते वाचून हायसं वाटलं होतं. तुझ्या जागरणांतही काहीतरी तयारी चालली आहे असं समज.

आता माझी गोष्ट. पहिल्यांदा नापास झाले तेव्हा निकालाची मेल मी ऑफिसात, जागेवर बसून उघडली. ती माझी चूक. अर्ध्या तासाने मीटिंग होती, तिच्यात मी दोन तास बसले आणि कुणी काय बोललं ते मला आजही आठवत नाही. घरी जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी रडू आलं नाही, राग आला. तिसऱ्या दिवशी ज्यांना ज्यांना सांगायचं होतं त्यांची यादी केली आणि सगळ्यांना एकच दोन ओळींचा निरोप पाठवला. कारणं दिली नाहीत. तो निरोप गेल्यावर निम्मं ओझं उतरलं. लोकांना तोंड कसं दाखवू हे निम्मं असतं, हे मला तेव्हा कळलं.

चौथ्या दिवशी स्कोअर रिपोर्ट नीट पाहिला आणि तिथे मी मोठी चूक केली. डेरिव्हेटिव्हज या विषयाचा पट्टा खाली होता. मी ठरवून टाकलं की माझं गणित कच्चं आहे, माझा मेंदू या विषयांसाठी नाही. पुढचं आख्खं वर्ष मी त्या एका समजुतीवर काढलं. डेरिव्हेटिव्हजवर तुटून पडले, एफएसएला (कंपन्यांचे हिशेब वाचण्याचा विषय) वेळ कमी दिला. पुन्हा नापास झाले. तेव्हा जुनी वही काढली. पहिल्या वर्षीच्या मॉकचे गुण तिच्यात विषयवार लिहिलेले होते. डेरिव्हेटिव्हजमध्ये मी पहिल्यापासून बरी होते. प्रत्येक मॉकमध्ये गुण गळत होते ते एफएसएमध्ये. इंटरकॉर्पोरेट इन्व्हेस्टमेंट, पेन्शन, आणि करंट रेट की टेम्पोरल (परकीय चलनातले हिशेब बदलण्याच्या दोन पद्धती) हा गोंधळ. माझ्या हातचे आकडे मला सांगत होते आणि मी निकालाच्या धक्क्यात त्यावर वेगळीच कहाणी रचली होती.

डेरिव्हेटिव्हजचे किती प्रश्न असतात? त्या विषयाचं वजन ५ ते १० टक्के, म्हणजे एक किंवा दोन व्हिनेट. चार प्रश्नांतला एक इकडचा तिकडे झाला की विषयाचे गुण २५ टक्क्यांनी हलतात. तेवढ्यावर मी माझ्या मेंदूचा निकाल लावला होता.

म्हणून तुला एकच सांगते. निकाल यायच्या आधी एक पान लिहून ठेव. या आठवड्यातच. निकालानंतर लिहिलंस तर ते पान निकालाने लिहिलेलं असेल. अभ्यासक्रमात पश्चातदृष्टीचा दोष शिकतो ना, घडून गेल्यावर "हे होणारच होतं" वाटतं तो, तो परीक्षार्थीला फार जोरात बाधतो. नापास झालं की सगळी तयारी वाईट वाटते. पास झालं की सगळी चांगली वाटते, आणि ते तितकंच खोटं असतं. लेव्हल थ्रीला त्याचे चटके बसतात.

त्या पानावर काय केलंस ते आकड्यांत लिही. पेपरात नक्की काय बिघडलं ते लिही, विषय न लिहिता. तुझ्या पहिल्याच मजकुरात एक फार नेमकी गोष्ट आहे आणि तू तिच्यावरून पुढे निघून गेलीस: एका व्हिनेटवर एकवीस मिनिटं गेली. तुला त्यातून "मी कमी पडले" दिसतं. मला दिसतं की अडकल्यावर सोडून पुढे जायची सवय झाली नव्हती, किंवा दुसऱ्या सत्रापर्यंत दम टिकत नव्हता. यातलं काय, ते तुझ्या मॉकच्या नोंदींत असेल. जाऊन बघ. शेवटी दोन्ही निकालांसाठी पुढचं पाऊल लिही, आणि पुन्हा बसायचं की नाही याचा विचार कोणत्या तारखेला करायचा ती तारीख लिही. निकालापासून निदान तीन आठवडे लांबची. त्या आधी तो विषय स्वतःशीसुद्धा काढायचा नाही.

लेव्हल थ्रीचं पुस्तक उघडण्याबद्दल: चिकाटींना जमलं असेल. मला जमलं नाही, कारण प्रत्येक पानावर "हे वाया जाणार" असं वाटत होतं. मला उपयोग झाला तो ज्यात भान हरपतं अशा कामाचा. मी जुन्या खुर्च्या खरवडून पॉलिश केल्या, चार झाल्या.

---

चिकाटी · मंगळवार, रात्री ११:०२

उंबरठा, वहीचा प्रसंग वाचून विचारात पडलो. मी पहिल्याच खेपेत पास झालो होतो, त्यामुळे माझी पद्धत बरोबर होती असं मी धरून चाललो. तिच्यातलं काय कामाचं होतं आणि काय नव्हतं, हे मी कधी तपासलंच नाही. ज्यांना पुस्तक उघडवत नाही त्यांनी उघडू नये, माझा तो सल्ला मागे घेतो.

---

नवखी_लेखणी · बुधवार, सकाळी ९:१५

मी लेव्हल वनच्या निकालाची वाट बघतेय. रात्री दोन-तीन तासच झोप होते, मेलचा आवाज आला तरी छातीत धडधडतं. गेले तीन आठवडे असं आहे. हे सगळ्यांना होतं का?

---

नाडीपरीक्षा · बुधवार, दुपारी २:३०

नवखी, थोडंफार सगळ्यांना होतं. तीन आठवडे रोज दोन-तीन तास झोप मात्र सोसत बसण्यासारखी गोष्ट नाही. मी डॉक्टर आहे, पण इथून तपासता येत नाही, तेव्हा जवळच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखव आणि परीक्षेचं कारण लपवू नकोस. मेलच्या सूचना बंद करून टाक, निकाल कोणत्या दिवशी येणार ते आधी कळतं. आणि हे वाचणाऱ्या कुणाच्याही मनात जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर निकालाची वाट बघू नका, त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टर गाठा.

---

नवखी_लेखणी · बुधवार, दुपारी ३:०५

उद्याची वेळ घेतली. धन्यवाद, डॉक्टर.

---

वळणवाट · गुरुवार, रात्री ८:४०

इथे सगळे शेवटी पास झालेले लिहितायत, म्हणून मी लिहितो. मी पास झालो नाही. लेव्हल थ्री दोनदा दिली, दोन्ही वेळा नापास झालो, आणि सोडून दिली.

पहिल्यांदा नापास झालो तेव्हा दोन दिवसांत जाहीर केलं की आता पुरे. आठवड्याने पुन्हा नाव नोंदवायच्या गोष्टी करायला लागलो. दोन्ही निर्णय मी घेतलेच नव्हते, एकदा दुःखाने घेतला आणि एकदा अहंकाराने. उंबरठा तारीख लिहायला सांगतायत ती याचसाठी महत्त्वाची आहे.

दुसऱ्या वेळी दोन महिने थांबलो. एका लेव्हलला एकूण सहा प्रयत्न मिळतात, वर्षात दोनपेक्षा जास्त नाहीत. माझे चार शिल्लक होते, आणि शिल्लक आहेत म्हणून वापरावेत असं मन म्हणत होतं. मागे एवढी वर्षं घातली, आता सोडू कसं, असंही म्हणत होतं. बुडीत खर्च निर्णयात धरायचा नाही हे मी स्वतः दुसऱ्यांना समजावून सांगत आलोय. तेव्हा स्वतःला असं विचारलं: मागचं काही नाही, ही परीक्षा आज पहिल्यांदा समोर आली आहे, आत्ता जे काम करतोय आणि पुढे करायचं आहे त्यासाठी मी एक वर्ष हिला देईन का? मी ट्रेझरीत आहे. काम आवडतं. त्या कामाला चार्टर लागत नाही. पोर्टफोलिओ सांभाळायला जायचं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं.

दुखतं का? कधीकधी. चार्टर अर्धामुर्धा नसतो, नावापुढे काही लावता येत नाही. दोन लेव्हल पास झालो एवढं खरं ते सांगता येतं, तेवढंच सांगतो. कुणी ओळखीचा चार्टर मिळाल्याचं लिहितो तेव्हा अभिनंदन मनापासून करतो आणि मग थोडा वेळ गप्प असतो. पण फिक्स्ड इन्कमचं (कर्जरोख्यांचं) जे शिकलो ते रोज हाताशी येतं, ते कुणी परत मागितलं नाही.

अधोरेखित, तुमची ही दुसरीच खेप आहे, तुम्ही सोडावं असं मी म्हणत नाही. सोडलं तर काय, हे माणसाला दिसत नाही म्हणून नापास व्हायची भीती भिंतीएवढी वाटते. भिंतीच्या पलीकडून लिहितोय. इकडे कामं आहेत, माणसं आहेत, सकाळी उठून जायला जागा आहे.

---

सावली · गुरुवार, रात्री ९:२०

वळणवाट दादा, हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, लेव्हल थ्रीच्या दुसऱ्या खेपेनंतर त्याला हे वाचायला मिळायला हवं होतं.

---

अधोरेखित · शनिवार, दुपारी ४:१०

सगळ्यांना एकत्रच लिहिते.

पान काल रात्री लिहिलं. अर्ध्या तासाचं काम वाटलं होतं, दोन तास लागले, कारण मॉकच्या नोंदी काढून बसले. सहा मॉकपैकी चार मी दोन दिवसांत विभागून दिले होते. शनिवारी पहिलं सत्र, रविवारी दुसरं. कारण ऑफिसच्या आठवड्यानंतर सलग साडेचार तास बसवत नव्हतं. एका दिवशी दिलेले मॉक दोनच, आणि त्या दोन्हींत दुसऱ्या सत्राचे गुण पहिल्यापेक्षा सहा-सात प्रश्नांनी कमी होते. ७० च्या वर गेलेले ते शेवटचे दोन्ही मॉक विभागून दिलेले होते.

हे माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात होतं. मी टक्के बघत होते, तारखा बघितल्या नव्हत्या. उंबरठा ताई, तुम्ही म्हणालात ते दोन्ही खरं निघालं, अडकल्यावर सोडायची सवयही नव्हती आणि दमही नव्हता. काल रात्री ते पाहून रडू आलं, पण मागच्या बारा रात्रींसारखं नाही. "मीच कमी पडले" हे वाक्य पानावर लिहून बघितलं, आणि त्याच्याखाली "सलग दोन सत्रांचे मॉक: दोन" असं लिहिलं. दुसऱ्या ओळीचं मला काहीतरी करता येतं.

पास झाले तर लेव्हल थ्रीचे सगळे मॉक एकाच दिवशी, पेपरच्याच वेळेला. नापास झाले तरी तेच. पुन्हा बसायचं का, ते निकालानंतरच्या चौथ्या रविवारी ठरवायचं, तारीख आत्ताच घातली आहे. वळणवाट दादांचा प्रश्न त्या तारखेखाली लिहून ठेवलाय. साहेबांना काल सांगितलं की निकाल वाईट येऊ शकतो. ते म्हणाले, बरं, कळव. एवढंच. यासाठी मी अडीच आठवडे वाक्यं जुळवत होते.

पुस्तकं वरच्या फळीवर ठेवली. रात्री एक प्रश्न आठवला, दिवा लावला नाही.

आईजवळ बसले. भीती वाटते म्हणाले. ती काही वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, मला वाटायचं मी तसं म्हटलं की तुला जोर येतो. निकाल मी घरी येऊनच उघडणार आहे. त्या संध्याकाळी काही विचारू नकोस, मीच तुझ्या खोलीत येईन, असं तिला सांगून ठेवलंय.